थंड असताना वळवू नये

सेर्जोच्या बारमध्ये दर गुरुवारी
विसरल्या गेलेल्या कूपेंचं कोर्ट भरतं.
नियम एकच : जिच्यावर सगळं जग मरतं
तिचं नाव काढायचं नाही.
दुइलिओ फियाट एकशेतीसचा वकील.
म्हणतो, माझी आई तिच्या मागच्या सीटवर कलंडली
की थेट ग्राझला डोळे उघडायची.
नेव्हिओची ओपेल मांता. त्याचा भाचा
भीतभीत म्हणाला, रेनो फुएगो,
आणि असा हशा उसळला
की पोराचे कान ब्रेकलाइटसारखे पेटले.

मी म्हणाले, गॅमा.
तुरुंगातल्या नातेवाइकाचं नाव निघावं
तसं टेबल गप्प झालं.

लान्चा गॅमा कूपे, एक्क्याऐंशीची,
ओल्या वाळूच्या रंगाची.
अंग असं की त्रिएस्ते बंदरातले क्रेनवाले
लोंबता कंटेनर सोडून बघत राहायचे.
आणि खोड अशी :
इंजिन थंड असताना स्टिअरिंग पूर्ण वळवलंत
तर डावा पट्टा दात सोडतो,
व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, खेळ खलास.
कुणा शहाण्यानं स्टिअरिंगच्या पंपाचं लोढणं
त्याच बाजूच्या गळ्यात अडकवलं होतं.
म्हणून ती सुरू करायची,
हात मांडीवर ठेवायचे,
चार मिनिटं.
तुल्लिओला आणि मला
बावीस वर्षांत एवढी एकच गोष्ट
न भांडता जमली.

घटस्फोटात चमचे मोजून वाटले.
घर त्याला, बोट विकली,
कुत्रा आपण होऊन मेला.
गाडीपाशी दोन्ही वकील थकले.
तेव्हापासून सम महिने त्याचे, विषम माझे,
आणि तिशीत नकाशावर पेन्सिलीनं ओढलेली
नॉर्डकॅपची रेघ कुणीच मागितली नाही,
म्हणून ती दोघांची राहिली.

एकसष्टाव्या वर्षी निघालो. मार्च सरत होता,
चाक माझ्या हातात.
तार्व्हिझिओपर्यंत तो खिडकीशी बोलला,
म्युनिकनंतर माझ्या गिअर बदलण्याशी.
कीलला जहाजात शिरलो, केबिनी वेगळ्या.
मध्यरात्री समुद्रावर एप्रिल लागला.
मी उठून किल्ली
त्याच्या दाराखालून आत सरकवली.

सकाळी ऑस्लो. जहाजाच्या लोखंडी पोटात
श्वास पांढरा दिसत होता.
तुल्लिओनं इंजिन सुरू केलं.
नारिंगी जाकिटातला पोरगा हात ओवाळत आला :
डावीकडे, पूर्ण डावीकडे, चला.
तुल्लिओनं हात मांडीवर ठेवले.
मीही ठेवले.
मागे पोलंडचा ट्रक, त्याच्यामागे कॅराव्हॅन,
मग सगळ्यांचे भोंगे एकदम.
पोरानं काचेवर टकटक केली.
तुल्लिओनं काच चार बोटं खाली घेतली
आणि आमच्या त्रिएस्तेच्या बोलीत
अगदी अदबीनं सांगितलं,
बाईसाहेब अजून तयार नाहीत.

तिसऱ्या मिनिटाला,
काट्यावरची नजर न हलवता, म्हणाला,
मोन्फाल्कोनेची ती
दोन महिनेच टिकली.
मी म्हटलं, ठाऊक आहे.
तिनंच फोन केला होता मला,
तुझ्या घोरण्यावर औषध विचारायला.
तो हसला की खोकला,
भोंग्यांत कळलं नाही.
काटा हलला.
चाक वळलं, डावीकडे, पूर्ण.

नॉर्डकॅपला धुकं.
युरोप तिथं संपतो म्हणतात;
आम्हाला वायपरच्या पुढचं काही दिसलं नाही.
सँडविच खाल्लं. पाव शिळा होता.

बारमध्ये कुणी धुक्याचं विचारलं नाही.
दुइलिओ म्हणाला, आणि पट्टा?
टिकला.
नऊ हजार किलोमीटर?
साडेनऊ.
मग ती अभागी कसली, नेव्हिओ म्हणाला,
खटला रद्द. पुढचं नाव घ्या.
भाच्यानं पुन्हा फुएगो म्हटलं.

आता मे लागलाय.
सकाळी किल्ली फिरवते.
त्याच्या लांब तंगड्यांसाठी मागे गेलेली सीट
माझ्या मापावर पुढे ओढते,
आरसा खाली घेते.
एवढं करूनही
दोन मिनिटं उरतात.